चिंक्वे तेर्रे ते नीस : सोलापूरहून केलेल्या सहलीचा अनुभव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. पुण्याच्या एका व्यापाऱ्यामार्फत आमचा माल युरोपात जातो. त्यात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मोठे बीच टॉवेल असतात. पंचवीस वर्षं ते विणले, पण ते वाळूवर अंथरलेले कधी पाहिले नव्हते. हिनं तर समुद्र पाहिला तो फक्त गणपतीपुळ्याचा. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आता पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करू नका." मग सोलापुरातल्याच एका टूरवाल्याकडे गेलो आणि सप्टेंबरच्या शेवटी नऊ दिवस इटली आणि फ्रान्सचा समुद्रकिनारा बघून आलो. गावातल्या बऱ्याच जणांनी कसं झालं, काय झालं विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी चांगलं. ग्रुप फक्त चौदा जणांचा होता. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम असं सगळं दहा दिवसांत कोंबलेलं नव्हतं. एकच किनारा, लहान गावं आणि जास्तीत जास्त आगगाडीनं प्रवास. व्हिसाच्या कागदांसाठी ऑफिसातल्या मुलीनं जी मेहनत घेतली तिला तोड नाही. रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, कारखान्याचे कागद, सगळं तिनं स्वतः तपासून लावून दिलं. बोटांचे ठसे द्यायला मात्र मुंबईला जावं लागलं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी काम उरकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. व्हिसाची फी 90 युरो होती, ती पॅकेजमध्ये धरलेली नव्हती, हे आधी विचारून घ्या.

आता तक्रार. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, चिंक्वे तेर्रेमध्ये, म्हणजे इटलीच्या किनाऱ्यावरच्या पाच गावांत, तीन रात्री. मिलानहून बस थेट तिकडे जाणार म्हणून आम्ही खिडकीला डोळे लावून बसलो, तर बस थांबली ला स्पेझिया शहराच्या मागच्या बाजूला, एका मोठ्या रस्त्यालगतच्या हॉटेलसमोर. समुद्राचा वाससुद्धा नाही. टूर मॅनेजर म्हणाला, "काका, पहिल्या रात्रीचं बुकिंग हललंय." तरुण पोरगा होता, चूक त्याची नव्हती, पण हे आम्हाला निघण्याआधी कळवायला नको होतं का? परत आल्यावर त्या रात्रीचा फरक मिळाला, तोही दोनदा जाऊन बसल्यावर. पैशापेक्षा ती संध्याकाळ गेली याचं वाईट वाटतं, आणि तिथं संध्याकाळच सगळं काही असते हे दुसऱ्या दिवशी कळलं.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं. मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. डोंगर सरळ समुद्रात उतरलाय आणि त्याच्या बेचक्यांत ही गावं बसलीत, पिवळी, गुलाबी, विटकरी घरं एकमेकांच्या खांद्यावर. ला स्पेझियाहून लेव्हांतोपर्यंत लहान गाडी सतत धावते. बोगदा, मग एक क्षण निळं पाणी, परत बोगदा. दोन गावांमध्ये चार-पाच मिनिटांचंच अंतर. दिवसभर या गावांत पाय ठेवायला जागा नसते. आगगाडी भरून माणसं उतरतात, बोटी भरून उतरतात. आम्हीही दुपारी व्हेर्नात्साच्या धक्क्यावर उभे राहिलो तेव्हा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची आठवण झाली, इतकी गर्दी. पण साडेसहानंतर ती सगळी माणसं परत जातात. मग गावातल्या बायका खुर्च्या बाहेर काढतात, पोरं धक्क्यावरून पाण्यात उड्या मारतात, म्हातारे लोक बाकावर बसून मोठमोठ्यानं बोलतात. मोंतेरोस्सोत आम्ही दोन रात्री राहिलो म्हणून हे बघायला मिळालं. टूरवाल्याला किती ठिकाणं दाखवणार हे विचारू नका, कुठल्या गावात किती रात्री ठेवणार ते विचारा आणि लिहून घ्या.

पाचांपैकी खरी वाळू मोंतेरोस्सोलाच. तिथंही निम्मा किनारा छत्र्या-खुर्च्यांवाल्यांचा, तिथं बसायचे पैसे पडतात. फुकटच्या भागात आम्ही आमच्या कारखान्यातले दोन टॉवेल अंथरले. त्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्या पाण्यासमोर बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. हिनं हात धरला, एवढंच सांगतो. मानारोलाला वाळू नाहीच, लोक खडकांवरूनच पाण्यात उतरतात. आणि एक गोष्ट, तिथं भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. कोकणात ओहोटीला समुद्र कुठल्या कुठं मागं जातो. इथं पाणी सकाळी जिथं, तिथंच संध्याकाळी. हा भूमध्य समुद्र मोठ्या महासागराला जोडलाय तो जिब्राल्टरच्या जेमतेम 14 किलोमीटर रुंदीच्या फटीनं, त्यामुळे भरतीचा जोर आत पोचत नाही. उन्हानं वाफ जास्त होते म्हणून पाणी खारटही जास्त. मला पोहायला कंबर तलावानं शिकवलं, पण इतकं अलगद तरंगायला कधीच झालं नव्हतं.

धंद्याची एक गोष्ट सांगतो. आमचा टॉवेल टेरीचा, म्हणजे अंगभर धाग्याचे लूप असलेला, जाड. भिजला की जड होतो. रात्री खोलीच्या खिडकीत टाकला, सकाळी ओलाच. शेजारच्या बाईंचा टॉवेल मात्र तासाभरात कोरडा. मी परवानगी मागून हातात घेतला. लूपच नव्हते त्याला. साधी वीण, पातळ सुती, कडेला ताण्याचे, म्हणजे उभे धागे पिळून गाठवलेले गोंडे. म्हणजे आपला पंचाच, जरा मोठा आणि रंगीत. भूमध्य समुद्राच्या काठी हा प्रकार जुना, तुर्कस्तानात त्याला पेश्तेमाल म्हणतात. परत आल्यावर मी एका मागावर तसा ताणा चढवलाय.

कोर्निल्याला जरूर जा, पण गुडघे दुखत असतील तर स्टेशनपासून वर जाणारी छोटी बस घ्या. पाचांत हे एकच गाव थेट पाण्याला लागून नाही, शंभर मीटर वर कड्यावर आहे. पायऱ्या पावणेचारशेच्या वर. मी चढलो, कारण वाटेत द्राक्षांचे मळे दिसतात. आमच्या मामांची नान्नजला सोनाका आहे, त्यामुळे द्राक्षबाग म्हटली की पाय वळतातच. पण ही शेती बघून थक्क झालो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली, पायऱ्या-पायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत. माणसाला जेमतेम चालता येईल एवढे पट्टे. काही ठिकाणी एका रुळावर चालणारं लहान यंत्र द्राक्षाच्या पेट्या वर ओढून आणतं. द्राक्षं वाळवून त्यांची गोड वाइनही करतात. युनेस्कोनं 1997 साली या गावांना वारसा यादीत घातलं ते नुसत्या रंगीत घरांसाठी नाही, या दगडी तालींसाठीही. तरुण मंडळी शेती सोडून गेली आणि बऱ्याच ताली ढासळल्या. 25 ऑक्टोबर 2011 ला प्रचंड पाऊस झाला तेव्हा व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांतून चिखल-दगडांचा लोंढा आला, माणसं दगावली. आज ती गावं बघून पटत नाही. सोलापुरात बंद पडलेले माग बघत मोठा झालेला माणूस मी, त्या पडक्या तालींसमोर बराच वेळ उभा राहिलो.

खाण्याचं. आम्ही शाकाहारी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होतीच, ती विमानतळावर आणि बसमध्ये कामाला आली. पण तिथं उपाशी राहायची वेळ येतच नाही. मोंतेरोस्सोच्या एका भट्टीसमोर फारिनाता मिळाला. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल. मोठ्या पसरट तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरून करपट ठिपके, कडा कुरकुरीत, आत मऊ. हिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे तर पिठलं भाजलंय!" पुढे फ्रान्समधल्या नीसमध्ये हाच पदार्थ सोक्का नावानं मिळतो, वर मिरपूड. दोन्हीकडे आम्ही रोज खाल्ला. एक सांगून ठेवतो, तिथल्या तुळशीच्या हिरव्या चटणीत, म्हणजे पेस्तोत, बहुतेक पार्मेझान चीज असतं आणि ते वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरून करतात. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. नीसच्या कांद्याच्या पिस्सालादिएरवर खारवलेले मासे असतात, तेही बघून घ्या.

म्हणूनच दुसरी तक्रार. कंपनीनं एका संध्याकाळी सगळ्यांना बसमध्ये घालून तासभर लांब पंजाबी जेवणाला नेलं. पनीर, बटर नान, गुलाबजाम. ऊन कलत होतं, व्हेर्नात्साचा बुरूज सोनेरी झाला असणार, आणि आम्ही पार्किंगमध्ये डोकी मोजत उभे होतो. हे जेवण ऐच्छिक ठेवा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

इटलीच्याच किनाऱ्यावरच्या कामोल्यी गावाला एकच दुपार मिळाली. तिथल्या उंच घरांवरच्या कितीतरी खिडक्या, कमानी, नक्षी प्रत्यक्षात नाहीतच, भिंतीवर रंगवलेल्या आहेत. खरी कुठली ते ओळखायचा खेळ आमच्या ग्रुपमधल्या दोन आजीबाई तासभर खेळत होत्या.

नीस हे मोठं शहर, तिथला किनारा गोट्यांचा. रबरी बूट न्या, नाहीतर पाय सोलवटतात. मला तिथून आगगाडीनं दहा मिनिटांच्या आतलं व्हिलफ्रांश जास्त आवडलं. स्टेशनातून उतरलं की खाली लगेच किनारा, आणि गावात घरांच्या पोटाखालून जाणारी तेराव्या शतकातली अंधारी गल्ली. बाहेर इतकं ऊन आणि आत भुईकोट किल्ल्याच्या दरवाजासारखा गारवा. शेवटच्या दिवशी मेंतों, लिंबांचं गाव, इटलीच्या अगदी सीमेवर. लिंबं पपनसाएवढी मोठी नसली तरी आपल्या लिंबाच्या तिप्पट, आणि साल इतकी सुगंधी की हिनं एक रुमालात बांधून घरी आणलं. देवघरात ठेवलं होतं, आठ दिवस वास होता.

माणशी 2 लाख 85 हजार पडले, व्हिसा आणि दुपारची जेवणं वेगळी. पहिली रात्र सोडली तर दिलेल्या पैशाचं चीज झालं. पुढच्या सप्टेंबरला धाकटा भाऊ आणि वहिनी जाणार आहेत, त्याच कंपनीकडून. तीन रात्री मोंतेरोस्सोतच, हॉटेलच्या नावासकट, हे पावतीवर लिहून घेऊनच त्यानं आगाऊ रक्कम भरली आहे. त्याच्या बॅगेत नव्या मागावरचे दोन पातळ टॉवेल मी आत्ताच ठेवलेत.