मधे फट असलेली सॅडल: मृगापासून होळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

सायकलच्या या सॅडलविषयी, म्हणजे बसण्याच्या सीटविषयी, काही लिहिण्याचा माझा विचार नव्हता. परंतु वॉरंटीच्या मुदतीतच उसवलेल्या शिवणीबाबत कंपनीच्या ग्राहक सेवेकडून गेल्या आठवड्यात जे उत्तर आले, ते वाचून लिहावेसे वाटले. 'सदर दोष सामान्य वापरामुळे झालेल्या झिजेचा असल्याने वॉरंटीत बसत नाही,' असे ते उत्तर आहे. सायकलची सॅडल सामान्य वापराखेरीज आणखी कशासाठी विकत घ्यायची असते, हे मात्र त्यांनी कळवलेले नाही. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण आखूड नाकाच्या आणि मधे आरपार फट असलेल्या सॅडल आता अनेक कंपन्या बनवतात, त्यांची घडण बरीचशी सारखी असते आणि खाली लिहिलेले बहुतेक सर्व त्यांपैकी कोणत्याही सॅडलला लागू पडेल.

माझी सायकल साधी हायब्रीड आहे. लातूरहून औसामार्गे तुळजापूरला जाऊन यायचे म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते आणि मूळ सॅडलवर परतीच्या वाटेत, याच रस्त्यावरच्या उजनी गावाच्या पुढे, बसणे अशक्य होई. दुखण्याची तक्रार नव्हती. दुखणे सहन करता येते. दोन्ही जांघांच्या मधला भाग पूर्णपणे बधिर होत असे आणि घरी पोहोचून आंघोळ झाल्यावरही काही वेळ तेथे स्पर्श कळत नसे. या विषयावर आपल्याकडे उघड बोलले जात नाही, त्यामुळे मी बराच काळ कुणालाही न विचारता जेलचे साडेतीनशे रुपयांचे कव्हर घालून काम भागवले. त्याने त्रास वाढला. शरीराचा भार मांड्यांच्या वरच्या टोकाशी असलेल्या दोन बैठकीच्या हाडांवर पडायला हवा. जेल फार मऊ असले की ती हाडे त्यात रुततात आणि जेलचा मधला भाग वर येऊन नेमका तेथेच दाबतो, जेथून प्युडेंडल नावाची नस (मज्जातंतू) आणि रक्तवाहिन्या जातात. दुकानात अंगठ्याने दाबून 'किती मऊ आहे' हे पाहून सॅडल घेणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

मृगाच्या सुमारास ही नवी सॅडल अठ्ठावीसशे रुपयांना घेतली. ती 143 आणि 155 मिलिमीटर अशा दोन रुंदींत मिळत होती आणि दुकानदार जी शिल्लक आहे तीच माझ्या मापाची असल्याचे सांगत होता. घरी टीव्हीच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवून, किंचित पुढे वाकून त्यावर काही वेळ बसलो आणि उठल्यावर उमटलेल्या दोन खड्ड्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर पट्टीने मोजले. ते 120 मिलिमीटरच्या थोडे पुढे भरले. त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवावेत असा ढोबळ नियम आहे. अगदी ताठ बसणाऱ्याला याहून अधिक रुंदी लागते, खूप वाकून चालवणाऱ्याला कमी. दुकानदाराच्या शिलकीत 155 होती, मी 143 मागवून घेतली.

दिवाळीपर्यंतचा अनुभव असा की, या सॅडलला मी पाचपैकी पाच गुण दिले असते. पहिल्या पंधरवड्यात बैठकीची हाडे ठणकली, कारण त्यांच्यावर प्रथमच खरा भार येत होता. नंतर ते थांबले. मधल्या भागाचा बधिरपणा जवळजवळ नाहीसा झाला. पावसात फटीतून मागच्या चाकाचे पाणी थेट चड्डीवर उडते, म्हणून मडगार्ड आवश्यक आहे. दिवाळीत एवढ्यावरच हा अभिप्राय लिहिला असता, तर तो अर्धवट आणि दिशाभूल करणारा ठरला असता.

दिवाळीनंतर दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, तयारी सुरू केली. त्यासाठी साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे वेग फार लागत नाही, परंतु सायकलवर सलग बसून राहावे लागते. नांदेड रस्त्याने चाकूर, अहमदपूरच्या बाजूला मोठ्या फेऱ्या होऊ लागल्या आणि दोन्ही हातांच्या करंगळ्यांना आणि त्यांच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला मुंग्या येऊ लागल्या. एकदा चाकूरच्या अलीकडे चहाचे पैसे देताना टेबलावर पडलेले दहाचे नाणे मला चिमटीत उचलता आले नाही. शेवटी ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत आणून दुसऱ्या तळहातावर पाडावे लागले. तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून अल्नर नावाची नस जाते आणि हँडलवर तासन्‌तास भार दिला की ती तेथे दबते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दाब दुसऱ्या नसेवर, मनगटाच्या मध्यातून जाणाऱ्या मीडियनवर, असतो. कोणते बोट जाते ते पाहिले की हात कोठे दबतो हे कळते.

सोबतच्या मंडळींनी सल्ले दिले, ते सर्व हँडलविषयी होते. साडेसहाशेचे जेलचे हातमोजे घेतले. रुपयात चार आणे फरक पडला. पकड जाड केली, मनगट मागे न वाकवता सरळ ठेवून पाहिले, टायरमधली हवा थोडी कमी केली. हवा कमी केल्याचा फायदा सिमेंटच्या रस्त्यावर ताबडतोब जाणवला, कारण तेथे प्रत्येक सांध्यावरचा धक्का थेट तळहातात येतो. तरीही करंगळ्या बधिर होतच राहिल्या. नवे, आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा भाग) घेण्याच्या विचारात असताना, घरासमोर गवंडीकाम चालू होते तेथून पाणसळ मागून आणली, सायकल सपाट फरशीवर उभी केली, सॅडलवर नाकापासून शेपटापर्यंत एक फळी ठेवली आणि त्यावर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन बसला होता. सॅडलचे नाक चांगलेच खाली झुकलेले होते.

बसवताना सॅडल समतल होती, हे मिस्त्रीच्या आणि माझ्या देखत मोजलेले होते. तेव्हा ती वापरात झुकत होती, हे उघड होते. नाक खाली गेले की बसणारा नकळत पुढे घसरतो, स्वतःला मागे रेटण्यासाठी हात ताठ करून हँडलला टेकू देतो आणि सॅडलवरचा भार तळहातांवर येतो. म्हणजे दोष बुडाखाली होता आणि औषध मी हाताला लावत होतो.

याच्या मुळाशी सीटपोस्टच्या, म्हणजे सॅडल ज्या नळीवर बसते तिच्या, डोक्यावरची एका बोल्टची क्लॅम्प आहे आणि तिच्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. मध्यम किमतीच्या अनेक सायकलींवर ही क्लॅम्प येते. तिच्या दोन वाट्यांच्या आतल्या बाजूंना बारीक दाते असतात, ते एकमेकांत अडकतात आणि एकच बोल्ट त्यांना आवळून धरतो. यात पहिला दोष हा की, सॅडलचा कल दात्यांच्या टप्प्यानेच बदलतो: एक दाता वर घेतला तर नाक टोचते, एक दाता खाली घेतला तर माणूस घसरतो आणि जो कल हवा तो नेमका दोन दात्यांच्या मधे असतो. दुसरा दोष अधिक वाईट. अ‍ॅल्युमिनियमचे हे दाते आपल्या रस्त्यांवरची धूळ आत जाऊन आणि खड्ड्यांचे धक्के खाऊन गोल होतात आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी वाट्या एकमेकींवर सरकतात. खात्री करण्यासाठी मुलीच्या नेलपॉलिशने दोन्ही वाट्यांवरून एक सरळ आडवी रेघ ओढली. तुळजापूरहून परत आल्यावर त्या रेघेचे दोन तुकडे झालेले होते आणि त्यांत आगकाडीच्या जाडीएवढे अंतर पडले होते. सायकलच्या दुकानात ही रेघ दाखवली, तेव्हा 'तुमचे वजन जास्त असेल' असे उत्तर मिळाले. माझे वजन अडुसष्ट किलो आहे. पंचवीस हजारांची सायकल अडुसष्ट किलोच्या माणसाला समतल धरू शकत नसेल, तर तिच्या अठरा गिअरांचे कौतुक मला ऐकवू नये.

यावरचा उपाय स्टेमपेक्षा स्वस्त निघाला. पुढे एक आणि मागे एक असे दोन बोल्ट असलेला 27.2 मिलिमीटर व्यासाचा सीटपोस्ट नऊशे रुपयांत मिळाला. पुढचा बोल्ट थोडा सैल करून मागचा आवळला की नाक वर जाते, उलट केले की खाली येते. मधे दात्यांचा टप्पा नसल्याने कल हवा तेथे थांबवता येतो. मी समतलाच्या किंचित खाली, बुडबुडा रेघेला जेमतेम ओलांडेल इतका ठेवला आहे. आवळताना सीटपोस्टवर छापलेला टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते प्रमाण, पाळावा. आणखी एक बाब: आखूड नाकाची सॅडल जुन्या सॅडलच्या नाकाशी नाक जुळवून बसवू नये, तसे केले तर बसण्याची जागा तेवढीच पुढे सरकते आणि हातांवर पुन्हा भार येतो. या बदलानंतर करंगळ्यांचा बधिरपणा गेला. ब्रेव्हे मुदतीच्या आत पूर्ण झाली आणि शेवटच्या टप्प्यात गिअर बदलायला अंगठा आणि बोटे आज्ञेत होती. साडेसहाशेचे हातमोजे आता केवळ घाम पुसण्याच्या कामी येतात.

पायांविषयी थोडक्यात: उन्हात पाय सुजतात आणि घट्ट बुटात चवड्याखाली आग होऊन बोटे बधिर होतात, नाड्या सैल करणे आणि पॅडल चवड्याच्या थोडे मागे घेणे एवढ्याने माझे भागले. पॅडच्या चड्डीखाली आतले कपडे घालू नयेत, कारण त्यांची शिवणच कातडी सोलते. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहून रक्त खेळू द्यावे. हे कोणतीही फट तुमच्या वतीने करत नाही. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिकून असेल किंवा बोटांतली ताकद कमी वाटत असेल, तर सॅडल, हँडल सगळे बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

आता त्या शिवणीबद्दल. फटीच्या उजव्या कडेची शिवण माघात उसवली आणि सुटलेला दोरा मांडीला घासू लागला. कंपनीने आधी छायाचित्रे मागितली, मग बिल मागितले, मग तीच छायाचित्रे 'अधिक उजेडात' मागितली, मग सॅडल स्वखर्चाने पुण्याला पाठवण्यास सांगितले आणि शेवटी वर दिलेले उत्तर पाठवले. पुण्याला कुरियर करण्याचा खर्च दोनशे चाळीस रुपये होता. लातूरच्या गंजगोलाई बाजारातील चप्पल दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मेणाचा दोरा घालून तीच शिवण चाळीस रुपयांत घालून दिली आणि मूळ शिवणीपेक्षा तिचे टाके जवळ आहेत. त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडावरच्या फेऱ्यांमध्ये तेथून एकही दोरा सुटलेला नाही.

सॅडलला आता चार गुण देतो. कापलेला एक गुण शिवणीचा आणि त्या उत्तराचा मिळून आहे. ज्यांना मांड्यांमधल्या भागाच्या बधिरपणाचा त्रास आहे, त्यांनी माप घेऊन ही जरूर घ्यावी. ज्यांच्या सायकलवर एका बोल्टची क्लॅम्प आहे, त्यांनी मात्र अठ्ठावीसशे खर्च करण्यापूर्वी मूळ सॅडलवर फळी आणि पाणसळ ठेवून पाहावी आणि बुडबुडा मागे गेलेला असेल तर आधी नऊशेचा सीटपोस्ट घ्यावा.