टोपोशीट ४७ जी/९: भूगोलाच्या तासाबाहेरही कामी येणारा नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातली टोपोशीट, विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. माध्यमिक शाळेसाठी त्यांतला जुन्या क्रमांकपद्धतीतील ४७ जी/९ मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण महाबळेश्वर, प्रतापगड आणि जावळीचा परिसर त्यात एकत्र सापडतो.

त्याचा खरा कस इतिहासाच्या तासाला लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजीची अफझलखानाची भेट शिकवताना, मोठ्या फौजेला या मुलखात कोठून उतरता आले असते, हे विद्यार्थ्यांनी उंचीत वीस-वीस मीटरच्या फरकाने आखलेल्या समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, मोजून शोधावे. खानाला वाईचे मोकळे मैदान सोडायला लावण्यात काय साधले, हे त्या दाटीवाटीच्या तपकिरी रेषाच सांगतात. नकाशावरचे घाटरस्ते अर्थातच आजचे आहेत, ते आधी वगळायला सांगावे, नाहीतर मुले खानाला डांबरी रस्त्याने आणतात.

गणितात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर हे प्रमाण आणि समोच्चरेषांवरून मिळणारी उंची यांतून चढाचा कोन काढता येतो, आणि दहावीच्या त्रिकोणमितीला काल्पनिक मनोऱ्याऐवजी खरा गड मिळतो. हाच नकाशा ए-फोर कागदावर छापला की १:५०,००० हा आकडा खोटा ठरतो, रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर छापलेली अंतराची पट्टी, मात्र कागदाबरोबर आक्रसून खरे राहते; प्रमाण शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. विज्ञानाच्या तासाला सावित्री आणि कोयना यांच्यामधला जलविभाजक पेन्सिलीने आखून घ्यावा: एकीचे पाणी अरबी समुद्राला, तर दुसरीचे कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते.

उणिवाही ठळक आहेत. ठिकाणांची नावे रोमन लिपीत असल्याने मराठी माध्यमाची मुले लहान वाड्यांच्या नावांवर अडखळतात, आणि वस्तीची वाढ पाहायची असेल तर उपग्रहचित्रे कितीतरी सरस आहेत. तरीही उपग्रहचित्रात डोंगर आयता दिसतो, येथे तो रेषांवरून मनात उभा करावा लागतो. वर्गासाठी मी म्हणून टोपोशीटच निवडेन.

पूर्ण आकाराची छापील प्रत चौघांच्या गटाला पुरते. ती रंगीतच काढावी, कारण कृष्णधवल प्रतीत बारमाही पाण्याचा निळा आणि कोरड्या ओढ्याचा काळा रंग सारखेच दिसतात.