बिल्ज पंपाच्या नावाखाली ३१,५०० ची टोपी

आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी २२ फुटी शिडाची बोट घेतली, ट्रेलरवर टाकून पुण्याजवळ डोणज्याला एकाच्या प्लॉटवर आणून ठेवली, उन्हाळाभर शनिवार-रविवार घासकाम रंगकाम आणि नारळी पौर्णिमा झाली की रेवदंड्याला न्यायची असा बेत. कोथरूडात राहून होडी कशाला, ह्या प्रश्नाचं उत्तर मी बायकोला अजून दिलेलं नाही त्यामुळे तुम्हालाही देत नाही.

सगळं स्वतः केलं, फक्त बिल्ज पंपाचं काम बाहेर दिलं आणि तिथेच माती खाल्ली. बिल्ज म्हणजे बोटीचा एकदम तळ, पावसाचं, लाटेचं, कुठून कुठून झिरपलेलं पाणी शेवटी तिथे जाऊन बसतं. तिथे १२ व्होल्टचा पंप बसवतात आणि शेजारी फ्लोट स्विच, पाणी वाढलं की फ्लोट उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. बोट पाण्यात आणि तुम्ही पुण्यात, तर हाच एक राखणदार.

ओळखीच्या ओळखीतून एक जण मिळाला. 'मरीन इलेक्ट्रिशियन', कार्डावर नांगराचं चित्र, मुंबईत डॉकवर १५ वर्षं काढली म्हणे. ११०० जीपीएचचा (तासाला ११०० गॅलन) पंप, फ्लोट स्विच, ऑटो-मॅन्युअलचं पॅनल, टिन्ड कॉपर (कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची) वायर, पाइप आणि मजुरी मिळून ३१,५०० सांगितले. १० हजार ॲडव्हान्स यूपीआयने घेतले, बाकी कॅश द्या म्हणाला, जीएसटी लावला तर उगाच वाढेल साहेब. बिल म्हणून वहीतला कागद. पुणेकर असून पक्कं बिल मागितलं नाही, काय बोलायचं आता.

दोन दिवसांत काम झालं आणि त्याने टेस्ट करून दाखवली. पाइपचं तोंड खाली जमिनीवर सोडलेलं, बोटीत एक बादली पाणी ओतलं, मॅन्युअलचं बटण दाबलं, पाणी फुर्रकन बाहेर. मग बटण ऑटोवर टाकलं, हिरवा एलईडी लागला. "बघा साहेब, आता विसरून जा." आम्ही टाळ्या वाजवायचंच बाकी होतं. ऑटोवर असताना परत पाणी ओतून बघू, हे तीन इंजिनीअर उभे असून एकालाही सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये बोट खाडीत उतरवली. दहा-बारा दिवसांनी भर पावसात सकाळी सहाला तिथल्या कोळी मामांचा फोन, "दादा, होडी बसत चाललीय तुमची, लगेच या." ताम्हिणीतून धुक्यात गाडी हाणत पोचेपर्यंत मामांनी आणि त्यांच्या पोराने बादल्यांनी निम्मं पाणी उपसलं होतं. आत गाद्या तरंगतायत, मांडीएवढं पाणी, आणि पॅनलवर ऑटोचा हिरवा दिवा छान चालू!

पाणी मास्टच्या म्हणजे डोलकाठीच्या भोकातून आलं होतं, पावसाचंच, म्हणजे पंप चालला असता तर काहीच झालं नसतं. पॅनल उघडलं तर ऑटोच्या पॉइंटवरून वायर फक्त एलईडीला गेलेली. फ्लोट स्विचच्या दोन्ही वायरी टेप गुंडाळून फळीमागे खोचलेल्या, कशालाच जोडलेल्या नाहीत.

मग सगळंच उचकटलं. पंपावरचा ११०० चा स्टिकर नखाने निघाला, खाली कोरलेला आकडा ५००. खरं तर नळीचं तोंड बघूनच कळायला हवं होतं, ११०० वाल्याला साधारण २८-२९ एमएमचं तोंड असतं, ह्याला पाऊण इंची. आउटलेट वर जागेवर ठेवून २० लिटरची बादली लावली तर भरायला १ मिनिट १० सेकंद. ११०० जीपीएच म्हणजे मिनिटाला जवळपास ६९ लिटर, अर्थात तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना असतो, प्रत्यक्षात कमीच मिळतं, पण मिनिटाला १७? त्यात पाइप वॉशिंग मशीनचा, आतून रेघारेघांचा, तो प्रवाह अजून मारतो. आणि वायर! टिन्ड कॉपर ब्लेडने खरवडली की आत लाल तांबं दिसतं, ही आतपर्यंत पांढरी, लायटर धरला तर तार वितळून तुटली. ॲल्युमिनियम, खाऱ्या हवेत.

अजून एक, पंपाची लाइन मेन स्विचच्या पुढून घेतलेली, म्हणजे आम्ही निघताना मेन बंद केला असता तर फ्लोट जोडलेला असता तरी उपयोग शून्य. पंपाला बॅटरीवरून फ्यूज टाकून थेट लाइन लागते. पण ही चूक मी अज्ञानात धरतो. स्टिकर आणि दिवा अज्ञानात धरत नाही.

फोन केला तर म्हणाला, "साहेब, पाण्यात गेला ना पंप, मग वॉरंटी नाही." बिल्ज पंप! पाण्यात गेला! मला राग यायच्या आधी हसूच आलं. त्यानंतर नंबर बंद.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पुरावा म्हणून हातात यूपीआयचे १० हजार, वहीतला कागद आणि तो स्टिकर. कॅशचे २१,५०० गेल्यातच जमा.

नवीन पंप आम्ही स्वतः बसवला, पक्क्या बिलाचा. गुळगुळीत पाइप, जॉइंट सगळे पाण्याच्या वर, आउटलेट इतकं उंच की बोट कलली तरी बुडून पाणी उलटं आत येणार नाही. मग मेन स्विच बंद केला, बिल्जमध्ये बादल्या ओतत बसलो आणि हात खिशात. चौथ्या बादलीला पंप आपणहून घुरघुरला. मामा म्हणाले, "आता वाजला." तरी एक हातपंप आणि दोन बादल्या मामांकडे ठेवून आलोय.