बॉक्स्टरचा इमोबिलायझर आणि माझे ११२० पाउंड

आकडा आधी सांगतो. ९५, मग ६८०, मग ३४५. एकूण ११२० पाउंड. एवढे मोजून माझ्या गाडीत काय बसलं, तर आधी होता तोच इमोबिलायझरचा डबा, पुसूनबिसून. इमोबिलायझर म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा.

गाडी २००१ ची पोर्शे बॉक्स्टर, ९८६ मॉडेल. इंग्लंडात या गाड्या आता एखाद्या साध्या सेकंडहँड हॅचबॅकच्या भावात मिळतात, त्यामुळे “पोर्शेवाल्याला हजार पाउंडांचं काय एवढं” हे कृपया ऐकवू नका. घरी ऐकून झालंय. ज्यांच्याकडे ९८६ आहे त्यांना हे दुखणं ठाऊकच आहे. इमोबिलायझरचा डबा सीटखाली, कार्पेटच्याही खाली, अगदी खोलगट जागी असतो. कापडी छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या की ते पाणी आत उतरतं आणि डब्याभोवती साचतं. माझं तेच झालं. आधी सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा उघडायला लागलं, मग मध्यरात्री अलार्म, शेजाऱ्यांची बोलणी, आणि एका सकाळी किल्ली फिरवली तर स्टार्टर हूं की चूं करेना.

डीलरने फोनवरच १८०० पाउंडांच्या घरातला आकडा सांगितला, गाडी ओढून आणायचा खर्च वेगळा. अशा वेळी घरी येऊन काम करणारा ऑटो-इलेक्ट्रिशियन कुणीही शोधला असता. मीही शोधला. पंचतारांकित अभिप्राय, व्हॅनवर रंगवलेलं नाव, मांडीवर लॅपटॉप, आणि बोलणं एकदम जाणकाराचं. फोनवरच म्हणाला, “सीट उचल, डब्याचा फोटो पाठव.” मी पाठवला. तो फोटो पुढे कामाला आला, पण फार उशिरा.

पहिल्या भेटीचे ९५. निदान: डबा मेला, नवा लागेल, ६८० आगाऊ. ते दिल्यावर दोन दिवसांनी फोन, की डबा आला पण कारखान्याकडून कोड मागवावे लागतात, त्याचे ३४५. हे इतकं खऱ्यासारखं होतं की शंका यावी कशी? ९८६ मध्ये डबा आणि इंजिनचा कॉम्प्युटर एकमेकांचा कोड ओळखतात, नवा डबा चासी नंबरवरच्या कोडांशिवाय चालत नाही, हे मी स्वतः वाचलेलं होतं. त्याने खऱ्या माहितीलाच खोटं बिल जोडलं. हे लोक थापा मारतात त्या अर्धवट वाचलेल्या गिऱ्हाइकालाच, हे ध्यानात ठेवा. ज्याला काहीच माहीत नसतं तो निदान चार ठिकाणी विचारतो तरी.

बँकेच्या ॲपने लाल पट्टी दाखवली होती: खात्यावरचं नाव जुळत नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “बायकोच्या नावाने धंदा आहे.” आपल्याकडे निम्मे धंदे बायकोच्या नावाने चालतात, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. पण ती पट्टी दिसली की थांबा. शोभेला नसते ती.

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो तो सांगतो. त्याने डबा बसवला, लॅपटॉपवर काहीतरी बडवलं, आणि माझ्याकडून किल्ली घेऊन गाडी सुरू केली. सुरू झाली. मी खूश. दुसरी किल्ली स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये होती, ती त्याने मागितलीच नाही. संध्याकाळी सहज ती लावून बघितली, तर तिनेही गाडी सुरू झाली. तेव्हा मी म्हणालो, वा, काम चोख केलंय!

अरे, काम चोख? किल्लीच्या मुठीत एक इवलीशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून ती वाचली जाते. डबा खरंच नवा आणि नव्या कोडिंगचा असेल, तर प्रत्येक किल्लीची त्याच्याशी ओळख करून द्यावी लागते, आणि ती किल्ली तिथे हजर लागते. जुन्या डब्यातला डेटा नव्यात उतरवला असेल तर दोन्ही किल्ल्या आपसूक चालतात, पण मग कारखान्याचे कोड कशाला आणि ३४५ कसले? म्हणजे दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी होती, आणि त्याचा पुरावा माझ्याच ड्रॉवरमध्ये, चमच्यांशेजारी पडला होता. अर्थात, आठवडाभर बस आणि ट्रेन बदलत ऑफिस गाठल्यावर चालू झालेल्या गाडीकडे कोण संशयाने बघतं?

पाऊस लागला आणि गाडी पुन्हा मेली. त्याचा फोन बंद. दुसऱ्या, खऱ्या तज्ज्ञाकडे गेलो, तो सीट काढून हसलाच. डब्यावर स्टिकर, स्टिकरचा वरचा कोपरा फाटलेला, बारकोडवर पाण्याचा पांढरा ओघळ. मी मोबाइलमधला आधीचा फोटो उघडून बघितला. तोच कोपरा, तोच ओघळ, तोच नंबर. आत क्लीनर मारून वाळवलं होतं, बस. या माणसाने डबा दुरुस्त केला, नळ्यांमधून काळा चिखल नि पानं काढली, कार्पेटखालचा भिजलेला फोम वाळवला आणि २४० पाउंड घेतले. पावतीसह. आधी नळ्या साफ करा, डबा नंतर.

आता सरकारी कृपा ऐका. पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, गुन्हा नाही. ऑनलाइन तक्रार करा. केली. एक नंबर मिळाला, मग आभाराचं पत्र, मग तपास होणार नसल्याचं पत्र. ग्राहक खात्याला थेट फोन करता येत नाही, आधी हेल्पलाइन. तिथली बाई गोड बोलली आणि म्हणाली, “आम्ही माहिती पुढे पाठवतो.” पुढे म्हणजे कुठे, ते कळलं नाही. बँकेचा तर कळस. ७ ऑक्टोबर २०२४ पासून या देशात फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी परत द्यायचे असा नियम आहे, मर्यादा ८५,००० पाउंड. मी उड्या मारत गेलो. उत्तर काय? माणूस आला होता, काम केलं, गाडी सुरू झाली, म्हणजे हा दिवाणी वाद, नियमात बसत नाही. डब्याचे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवले, तरी तेच छापील उत्तर. गाडी अजिबात सुरू झाली नसती तर बरं झालं असतं की काय?

क्रेडिट कार्डाने दिले असते, तर १०० पाउंडांवरच्या किमतीच्या कामाला १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याचं (कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ लागू झालं असतं आणि कार्डवाल्यांनाही जबाबदार धरता आलं असतं. ट्रान्सफरला ते नाही. “कार्डाचं मशीन बिघडलंय” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणखी एक. त्या पहिल्या इलेक्ट्रिशियनने ५०० पाउंडांत इमोबिलायझर कायमचा काढून टाकायचाही सल्ला दिला होता. तेवढं मी ऐकलं नाही. विमा कंपनीला न सांगता ते केलं, तर गाडी चोरीला गेल्यावर हात चोळत बसाल.

जुना डबा परत मागायचा, पैसे देण्याआधी. तो द्यायला खळखळ करणाऱ्याला पुढचा पैसा नाही. आणि स्टिकरचा फोटो आधीच काढून ठेवा, चारही बाजूंनी.

आता राहिला छोट्या दाव्यांचा कोर्ट. ११२० पाउंडांच्या दाव्याला ८० पाउंड फी, तेही भरायची माझी तयारी आहे. अडलंय ते पत्त्यावर. पावतीवर फक्त मोबाइल नंबर होता, व्हॅनवरही नावासोबत तोच, पत्ता कुठेच नाही. व्हॅनच्या नंबरवरून मालकाचा पत्ता मिळावा म्हणून अर्ज केला, तर कारण पुरेसं नाही म्हणून परत आला. नव्या कारणासह पुन्हा पाठवलाय, उत्तर यायचंय.