‘चार्टमध्ये आणून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

नागपुरातल्या एका पॉप-रॉक बँडला पहिल्या सिंगलसाठी इन्स्टाग्रामवरून एका माणसाने एक पॅकेज विकलं: क्रमांक टाकलेल्या १०० सात-इंची रेकॉर्ड्स आणि ‘चार्टमध्ये येण्याची हमी’. पैसे यूपीआयने, एका खासगी खात्यात, बिलाशिवाय. धरमपेठ-सदरकडच्या इतर बँडनाही असे मेसेज येतात, म्हणून हे सविस्तर.

गाणं आलं आणि लगेच स्क्रीनशॉट आला: आयट्यून्सच्या रॉक यादीत वरचा क्रमांक. ही यादी विकत घेतलेल्या डाउनलोडवर बनते आणि दिवसातून अनेकदा बदलते. भारतात गाणं विकत घेणारे इतके कमी, की थोड्या लोकांनी एकदम खरेदी केली तरी गाणं वर चढतं आणि काही तासांत दिसेनासं होतं. स्क्रीनशॉट खरा असतो, हमी पोकळ असते.

खरं नुकसान स्पॉटिफायवर झालं. तिथे ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. बॉट, म्हणजे गाणं आपोआप वाजवणारे प्रोग्राम, तेवढंच वाजवून पुढे जातात. कलाकारांना आकडे दाखवणाऱ्या ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्ये शहरांची यादी उघडली तर नागपूर नाही, पुणे नाही, सगळी परदेशातली अनोळखी गावं. श्रोते मूठभर, स्ट्रीम हजारोंनी, गाणं सेव्ह करणारं जवळजवळ कोणी नाही. हे तीन आकडे एकत्र दिसले की स्ट्रीम बनावट आहेत, हे समजून घ्या. असे स्ट्रीम पकडले गेले की चार्टमधून वगळले जातात, रॉयल्टी मिळत नाही. २०२४ पासून उघड प्रकरणांत स्पॉटिफाय वितरकाकडून (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या कंपनीकडून) गाण्यामागे दंडही घेतं. वितरक तो कलाकारावर टाकतो किंवा गाणंच काढून टाकतो. इथे गाणं काढलं गेलं. तक्रार करायलाही वाव नव्हता, कारण रिलीज त्या माणसाच्या खात्यातून झालं होतं. वितरकाचं खातं बँडच्याच नावावर हवं, आणि आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा १२ अक्षरी कोड, लिहून ठेवा. तोच कोड आणि तीच ऑडिओ फाइल वापरली तर वितरक बदलल्यावरही सहसा जुने स्ट्रीम टिकतात.

स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी गाणं सुचवणं फुकट असतं. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी स्वतःच्या खात्यातून पाठवा. त्याचे पैसे मागणारा फसवतोय, यात शंका नको.

रेकॉर्ड्स उशिरा आल्या, त्याही प्रेस केलेल्या, म्हणजे साच्यात दाबून बनवलेल्या, नव्हत्या. एकेक कोरून काढलेल्या होत्या आणि आवाजात खरखर होती. ओळखायचं कसं? प्रेस केलेल्या रेकॉर्डमध्ये लेबल दाबतानाच प्लास्टिकमध्ये बसतं. कोरलेल्यावर ते वरून चिकटवलेलं असतं, कडेला नख लावलं तर उचलतं. लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा ओळख क्रमांक, आहे का तेही बघा. ऑर्डर देताना ‘प्रेस्ड’ की ‘लेथ-कट’ (एकेक कोरलेल्या) हे लेखी घ्या, आणि टेस्ट प्रेसिंग, म्हणजे आधी काढलेली नमुना प्रत, ऐकल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (संदर्भ) क्रमांक आणि पूर्ण चॅट हाताशी ठेवा. विकणाऱ्याने संपर्क तोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या.