तारे बघून पुस्तक घ्यावं की ग्रंथपालांना विचारून?

साताऱ्यातल्या माझ्या भाचीला साठवलेल्या पैशांत दोनच कादंबऱ्या घ्यायच्यात, आणि ती अडली आहे. गुडरीड्स या संकेतस्थळावर वाचक पुस्तकांना एक ते पाच तारे देतात; तिथं मत फुकट, चटकन कळतं. पण तिथं तीन तारे म्हणजे ‘आवडलं’; आपण मात्र तीन बघून पुस्तक बाजूला ठेवतो. अर्धा ताराही देता येत नाही. त्यात अनेक मराठी पुस्तकांना मतं मोजकीच. दोघांनी एकेक तारा दिला की सरासरी घसरते.

वाचनालयाला वर्गणी पडते, खेपही पडते. पण चांगले ग्रंथपाल आधी विचारतात, ‘मागचं कुठलं आवडलं?’ मला हा प्रश्नच सगळ्यात मोलाचा वाटतो.

गाजलेलं इंग्रजी पुस्तक हवं असेल तर तारे चालतील, खालची सविस्तर मतं मात्र वाचावीत. मराठी हवं तर ग्रंथपालच. आणि तरीही ठरेना, तर पाचगणीजवळ भिलारला जावं. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, तिथं बसून चार पानं वाचता येतात.