नमुन्याची पाचशे वाक्यं

जाहिराती-डबिंगला आवाज देणाऱ्या कलाकाराला निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि भाषा अगदी नीट असते. ‘नमस्कार मॅडम, आपला डेमो ऐकला. शैक्षणिक अ‍ॅपसाठी विदर्भातला आवाज हवा आहे. वऱ्हाडी येत असल्यास प्राधान्य. बजेट ₹४०,०००. आधी फक्त एक नमुना लागेल.’ सोबत एक्सेलची शीट असते. ती उघडली की खाली सरकतच राहते, कारण तिच्यात पाचशे वाक्यं असतात.

कामाला लागण्याआधी ती शीट शांतपणे वाचा. फसवणूक आहे की नाही ते तिच्यातच दिसतं. खऱ्या ऑडिशनचा मजकूर सलग असतो: जाहिरातीचे तीस सेकंद, कथेचा एखादा परिच्छेद किंवा माहितीपटाच्या चार ओळी. ऐकणाऱ्याला सूर, श्वास आणि लय कळली की झालं. या शीटमध्ये मात्र पहिलं वाक्य ‘आज बाजारात संत्री स्वस्त आहेत’, दुसरं ‘आपला क्रमांक चार शून्य सात दोन आहे’, तिसरं ‘अरे वा, किती छान!’, चौथं ‘मी तुला किती वेळा सांगितलं?’ आणि पाचवं ‘यज्ञ, बाळ, ऋण, झरा, चमचा’ असं असतं. एका वाक्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगवेगळे हवे आहेत. आकडे, तारखा, प्रश्न, राग आणि आनंद सगळं थोडं थोडं आहे. प्रत्येक वाक्याची वेगळी वेव्ह फाईल करायची, फाईलला शीटमधलाच क्रमांक द्यायचा आणि ‘काहीही प्रोसेसिंग करू नका, कोरडा आवाज द्या’ अशी सूचनाही असते.

यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी असाच कच्चा माल लागतो. लिहिलेलं वाक्य आणि त्याच क्रमांकाचा आवाज, अशा जोड्या. हे काम रीतसरही चालतं. तेव्हा ते तासावर मोजलं जातं, संमतिपत्रावर सही होते आणि पैसे ठरलेले असतात. तेच काम ‘नमुना’ म्हणून फुकट काढून घेणं ही फसवणूक.

हिशेब करून बघा. एक वाक्य सरासरी सहा सेकंदांचं धरलं तर पाचशे वाक्यांचे तीन हजार सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटं तयार आवाज. अडखळणं, रिटेक, कापाकापी आणि फाईलींना नावं देणं धरून हे पाच-सहा तासांचं काम आहे. नागपुरात मे महिन्यात तर ते रात्री अकरानंतरच होतं, कारण कूलर सुरू असला की माइकमध्ये घरघर येते आणि बंद केला की आवाज घुमू नये म्हणून गोधड्या लावलेल्या खोलीत घाम डोळ्यांत उतरतो. आवाजाची ढोबळ नक्कल करायला हल्ली मिनिटभराचा स्वच्छ नमुनाही पुरतो. पन्नास मिनिटांत तर कोणतंही वाक्य म्हणवून घेता येईल असा पक्का आवाज तयार होतो.

नागपूरच का, तर इथल्या एकाच गळ्यात अनेकदा तीन भाषा सापडतात. प्रमाण मराठी आहे, ‘जाऊन राहिलो, करून राहिली’ आहे आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चालते ती हिंदीही आहे. भंडारा-गोंदियाकडचा कोणी असेल तर झाडीबोलीही मिळते. या बोलींचं नीट रेकॉर्ड केलेलं साहित्य थोडं आहे, त्यामुळे मागणारे लोभी आहेत. भाव मात्र कोणी सांगत नाही.

फाईली गेल्यानंतर तीनपैकी एक होतं. पहिली शक्यता म्हणजे समोरून शांतता. दुसरी म्हणजे ‘क्वालिटी रिजेक्ट’: नॉइज फ्लोअर (कोणी बोलत नसतानाची घरघर) जास्त आहे, रूम वाजते आहे (खोली घुमते), सॉरी. इथे बरेच कलाकार ओशाळतात, कारण आपल्या खोलीविषयी प्रत्येकाच्या मनात थोडी शंका असतेच. ओशाळू नका, आकडा मागा. नॉइज फ्लोअर किती डेसिबल आला, कोणत्या फाईलमध्ये आणि कितव्या सेकंदाला? मग स्वतः मोजा. ऑडॅसिटी या मोफत साउंड-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये बोलण्याआधीच्या शांततेचा अर्धा-एक सेकंद निवडायचा आणि अ‍ॅनालाइझ मेन्यूतल्या कॉन्ट्रास्टमध्ये त्याची पातळी बघायची. उणे ६० डेसिबल किंवा त्याखाली असेल तर ऑडिओबुकच्या नेहमीच्या कसोटीलाही ती फाईल उतरते. उणे ४५ आली तर दोष खरंच आपला. बहुधा पंखा, लॅपटॉपचा फॅन किंवा माइकचा गेन गरजेपेक्षा जास्त चढवलेला, यापैकी काहीतरी सापडेल. ज्याने खरंच तपासलं आहे तो आकडा देतो. फसवणारा ‘टीमने सांगितलं’ एवढ्यावरच थांबतो.

तिसरी शक्यता सगळ्यात गोड असते, ती म्हणजे ‘निवड झाली’. मग ‘आर्टिस्ट कार्ड’चे ₹२,५०० किंवा ‘रिफंडेबल डिपॉझिट’, किंवा ‘आमचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घ्यावं लागेल’. मुंबईच्या डबिंगचं नाव सांगून को-ऑर्डिनेटर म्हणवणारी मंडळी हेच करतात. काम देणारा पैसे देतो. को-ऑर्डिनेटरचं कमिशन मानधन आल्यावर त्यातून कापलं जातं, आधी रोख मागितलं जात नाही. ‘माइकची लेव्हल तपासायची आहे, एनीडेस्क टाका’ असं कोणी म्हटलं तर फोन तिथेच ठेवून द्या. लांबून दिग्दर्शन करायला आवाजाचा दुवा पुरतो, तुमच्या स्क्रीनचा ताबा लागत नाही. अनोळखी माणसाने पाठवलेली एपीके फाईल (ती उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसतं) उघडू नका.

याच वळणावर जादा पैशांचा डाव येतो. ठरलेले असतात ₹५,०००. ‘चुकून ₹५०,००० गेले, बाकीचे परत करा, अकाउंटंट ओरडतोय’ म्हणत बँकेसारखा दिसणारा मेसेज आणि स्क्रीनशॉट येतो. मेसेज बघू नका, बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि खरोखर जादा पैसे जमा झाले असतील तर आपल्या हाताने कोणत्याही नंबरवर परत पाठवू नका, आपल्या बँकेला लेखी कळवा. ते पैसे तिसऱ्याच कोणाला फसवून आलेले असू शकतात, आणि मग गोठतं ते तुमचं खातं.

दुसरा प्रकार जुना आहे आणि त्यात समोरचा माणूस ओळखीचाही असू शकतो. ‘स्क्रॅच देऊन ठेवा ना, एडिट बसवायला.’ स्क्रॅच म्हणजे कच्चा, तात्पुरता आवाज. चित्रं त्यावर कापतात आणि नंतर पक्का आवाज घेतात. घरच्या स्टुडिओत मात्र कच्चा आणि पक्का आवाज एकाच माइकवर होतो. त्यामुळे शेवटी स्क्रॅचच वापरला जातो आणि बिल पाठवलं की ‘फायनल तर आपण केलंच नाही’ असं उत्तर मिळतं. स्क्रॅच फोनवर रेकॉर्ड करून द्या. एडिट बसवायला तो भरपूर होतो आणि प्रसारणाला अजिबात चालत नाही. चांगल्या माइकवरून द्यायचाच असेल तर ब्रँडच्या नावाच्या जागी ‘अमुक अमुक’ म्हणा.

ई-लर्निंगमध्ये वेगळी चलाखी चालते. बारा जणांना ‘ऑडिशन’साठी बारा वेगवेगळे धडे दिले जातात. प्रत्येकाला वाटतं आपली निवड झाली नाही. तिकडे पूर्ण अभ्यासक्रम तयार झालेला असतो. एक प्रश्न विचारून बघा: सगळ्यांना एकच मजकूर आहे का? असेल तर ते ऑडिशन आहे.

आमचं ठाम मत असं की विनामोबदला नमुना तीस ते पंचेचाळीस सेकंदांपुढे नको, आणि मजकूर सलग हवा. तो ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या, म्हणजे पूर्ण दर्जाच्या वेव्हमध्ये देऊ नका, एमपी-३ मध्ये १२८ केबीपीएसवर द्या. वॉटरमार्क, म्हणजे फाईल वापरता येऊ नये म्हणून मध्ये बीप, टाकत असाल तर ती शब्दांवर पडली पाहिजे. नवखे लोक ती दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत टाकतात आणि समोरचा दोन मिनिटांत कापून काढतो. तुम्ही ती दर सात-आठ सेकंदांनी, एखाद्या महत्त्वाच्या शब्दाच्या मध्यावर टाका. यातून थेट वापर टळतो. नक्कल टळेलच असं नाही, म्हणून लांबी कमी ठेवणं जास्त महत्त्वाचं.

काम पक्कं झालं की अर्धे पैसे आधी घ्या, आणि उरलेले जमा झाल्यावरच बीप नसलेली फाईल द्या. निवडणुकीत ऑटोवरच्या भोंग्यासाठी प्रचाराची फीत करायची असेल तर पूर्ण रक्कम आधीच घ्या. मतदान झाल्यावर फोन उचलण्यात जिंकलेल्याला वेळ नसतो आणि हरलेल्याला रस नसतो.

लेखी काय हवं? ई-मेल चालेल, स्टॅम्पपेपरसाठी अडून बसू नका. कोणत्या माध्यमासाठी, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशात. किती रिटेक मोफत: आपली चूक असेल तर कितीही, पण मजकूर बदलला तर पैसे वेगळे. आणि हे एक वाक्य जसंच्या तसं: ‘या ध्वनिमुद्रणाचा उपयोग कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी, आवाजाची नक्कल करण्यासाठी किंवा कोणत्याही यंत्रप्रणालीच्या प्रशिक्षणासाठी कलाकाराच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय करता येणार नाही.’ यावर जो कुरकुर करतो त्याने आपला हेतू सांगून टाकला असं समजा.

समोरून करार आला तर ‘सर्व माध्यमे, सध्याची व भविष्यातील, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ ही ओळ शोधा. विश्वात म्हणजे काय, मंगळावर जिंगल वाजवणार की काय, असं हसू येतं. पण ती ओळ गमतीने लिहिलेली नसते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत; कलम ३९अ हीच तरतूद सादरकर्त्याच्या हक्कांनाही लावतं. कायद्याने दिलेली ही राखण त्या एका ओळीने सही करणाऱ्याच्या हातून निघून जाते. डिजिटल जाहिरात म्हणून घेतलेला आवाज मग दोन वर्षांनी थिएटरात ऐकू आला तरी भांडायला आधार उरत नाही.

‘टीडीएस कापून’ कमी पैसे देण्याचाही एक प्रकार आहे. व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस असतो हे खरं, पण १ एप्रिल २०२५ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला ₹५०,००० च्या आत रक्कम असेल तर कापायची सक्ती नाही. कापलाच तर टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि प्रमाणपत्र मागा. भरणा तिमाहीने दिसतो, म्हणून काही आठवडे थांबून प्राप्तिकर पोर्टलवर आपल्या पॅनखाली तो आला का ते बघा. नाही आला तर तुमचे १० टक्के त्याच्या खिशात आहेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं म्हणजे आणखी एक सापळा. नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि या मुदतीची-व्याजाची एक ओळ टाकली तरी पुष्कळ कंपन्यांचे अकाउंटंट जागे होतात. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ‘पुढच्या सोमवारी टाका’ असं म्हणून समोरचा नेमके तेच ३० दिवस घालवतो.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि सायबर पोलीस ठाणं.

पैसे नाही, आवाज गेला असेल तर मार्ग लांबचा आहे, पण आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. नामवंत नसलेल्या कलाकाराला इतकं सहज मिळेल असं नाही, म्हणून पुरावा भक्कम हवा. मूळ सेशनची फाईल, चुकलेल्या टेक आणि खोकल्यांसकट, जपून ठेवा. ती फक्त मूळ बोलणाऱ्याकडेच असते. पाचशे वाक्यांची शीट, पूर्ण चॅट आणि फाईली पाठवल्याच्या तारखा ठेवा. चॅट ज्या फोनवर आहे तो रीसेट करू नका, विकूही नका. आणि आपला आवाज एखाद्या जाहिरातीत ऐकू आला तर लगेच ‘रिपोर्ट’ दाबू नका. ती काढून टाकली गेली की तुमच्याकडे दाखवायला काहीच उरणार नाही. दुसऱ्या फोनने स्क्रीनचं चित्रीकरण करा, त्यात लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या, जाहिरात शेवटपर्यंत वाजू द्या. रिपोर्ट त्यानंतर.